मागं उत्तरं नसलेलं पुस्तक

तिरोड्यातल्या पुस्तकांच्या दुकानात एक बाई गणिताचं प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापासून उघडत होती. "मांगं उत्तरं हायेत, नको," म्हणून परत करत होती. "पोरगी म्हणते, उत्तर दिसलं का मजा जाते."

मी गणिताचा मास्तर. न विचारताच म्हणालो, "ताई, अकरावीत तिला जीवशास्त्र घेऊ द्या. मुलींना तेच बरं."

"काऊन जी भाऊ? तिचं डोकं गणितात धावून राहिलं, मी कायले आडवी येऊ?"

मी आलो होतो आडवा. माझ्या मुलीला गणित घेऊ दिलं नाही, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मागं उत्तरं नसलेलं एक जाडजूड पुस्तक वरच्या फळीवर होतं. ते मीच काढून दिलं. येणाऱ्याजाणाऱ्याला नाव वाचता यावं असं छातीशी धरून ती स्टँडकडे निघाली.