सरूबाईने भरलेली बाटली

सरूबाई राई गावाजवळच्या एका हायस्कुलात शिपाईण होती, तीही कच्च्या नोकरीवर. जूनमध्ये कायम झाल्याचा कागद यायचा होता. तोवर आपल्या नावाने एकही तक्रार होता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. दर शनिवारी मुंबईच्या कॉलेजातली पाच-सहा मुलं ट्रंक घेऊन येत आणि गावच्या पोरांकडून प्रयोग करून घेत. काम चांगलंच होतं. पण नळ्या विसळायला सरूबाई, आणि समजावून सांगायचं ते फक्त बाकांवरच्यांना.

एकदा मंदा नावाच्या विद्यार्थिनीने रॉकेलात बुडवून ठेवलेल्या सोडियमचा तांदळाएवढा तुकडा काढून परातीतल्या पाण्यात टाकला. तो फुरफुरत पळाला आणि पिवळा पेटला. दारातून सरूबाईने पाहिलं. रॉकेलात मुरलेलं, पेटणारच, असं ती मनाशी म्हणाली. तिच्या जागी कोणीही हेच म्हटलं असतं.

गाडीतून नेण्याची जोखीम नको म्हणून मंदाने सोडियमच्या बाटलीवर रेघ मारून ती शाळेच्या कपाटात ठेवली.

"मावशी, रॉकेल या रेघेखाली उतरलं तर लगेच हेडमास्तरांना सांगा हं."

"का गो, आमी काय चोर हाव?"

"तसं नाही हो. धोका असतो."

कसला, ते सांगायला थांबली असती तर गाडी चुकली असती.

रेशनवर तीन आठवडे रॉकेल नव्हतं. घरी मुलगी सुलू मॅट्रिकला बसलेली आणि दिवा कोरडा. बुधवारी सरूबाईने बाटलीतलं जवळजवळ सगळं रॉकेल डब्यात ओतून नेलं. तळाशी मळकट ढेकळं राहिली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर दुसरा शिपाई तुळशीराम म्हणाला, "उद्या हेडमास्तर कपाट बघनार हाय."

"बघू दे की. माझं काय जातंय?"

तो फाटक लावायला गेला तशी ती माठाकडे वळली. रॉकेल पेटतं, पाणी विझवतं. म्हणजे पाणी भरलं की रेघही गाठली जाईल आणि ती पोरगी म्हणाली तो धोकाही टळेल. हिशेब चोख होता. तिने तांब्या बाटलीत रिता केला आणि बूच ठोकून बसवलं.

आत फुरफुर सुरू झाली. काच हाताला गरम लागली, मग चटकाच बसला. बूच वर सरकू लागलं. बाटली टाकावी तर फुटणार, आणि फुटलेली बाटली कोणापासून लपवायची? सरूबाईने ती छातीशी धरली आणि तळहाताने बूच आणखी जोरात दाबलं.