जजबाई आणि दोन मिनिटांचा रोल

शर्टांच्या कारखान्यात जजबाईंचं काम एकच, चुका काढणं. शिवून झालेला शर्ट त्यांच्या टेबलावर यायचा. त्या तो ट्यूबलाइटखाली पसरायच्या, आधी कॉलर, मग खांदे, बाह्या, काजं बघायच्या आणि टीप वाकडी दिसली की तिथे खडूची फुली मारून शर्ट परत धाडायच्या. कुणाचं काय चुकलं ते अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायच्या. आता दुसऱ्यांच्या चुकांवर जिचं पोट भरतं, तिनं सिनेमावाल्यांना तरी का सोडावं? म्हणून हे नाव पडलं होतं. लोक तोंडावर हाक मारायचे आणि त्यांनाही ते मनापासून आवडायचं.

रविवारी सिनेमा आणि सोमवारी डब्याच्या सुट्टीत निकाल, हा शिरस्ता होता. तो ऐकल्याशिवाय कुणी तिकिटाला हात लावत नसे.

"तो गॉगलवाला आता बस झाला," जजबाई घास तोंडात ठेवूनच सुरू व्हायच्या. "पन्नाशी उलटली आणि अजून कॉलेजात जातो. त्याला शिकवणारे सर त्याच्या मुलासारखे दिसतात."

"गाणी कशी आहेत?" काजबटणवाली विचारायची. ती त्यांची खास मैत्रीण. काजं आणि बटणं तिच्याकडे असत.

"मिक्सर बंद करायला विसरलेत. त्या नव्या पोरीचा आवाज गोड आहे, पण तिला गाऊ कोण देतंय?"

क्रिकेटमध्ये तर त्यांना कुणी आवरूच शकत नसे. "कॅप्टनला म्हणावं, आरशात कमी बघ आणि मैदानात जास्त. शेवटची ओव्हर त्या घाबरटाला देतात होय?"

"तुम्ही कधी बॅट धरलीय का, बाई?" कटिंग मास्तरांनी एकदा टोमणा मारला.

"शर्ट तरी मी कुठे कापते, मास्तर? पण तुमचा खांदा चुकला की कळतोच ना?" मास्तरांनी मुकाट्यानं डबा पुढे ओढला.

पण एखादी गोष्ट आवडली, की मग बाईंच्या आनंदाला पारावार नसे. एका म्हाताऱ्या नटानं पडद्यावर नुसतं पत्र वाचलं, तर आठवडाभर त्या हातातला शर्ट पत्रासारखा धरून सगळ्यांना तो प्रसंग करून दाखवत होत्या. काम तुंबलं, पण हॉल खूश होता.

अशा बाईंची एकुलती एक मुलगी सिनेमात काम शोधायला मोठ्या शहरात गेली, याला दोन वर्षं झाली होती. निघताना जजबाईंनी बजावलं होतं, "आई म्हणून टाळ्या वाजवणार नाही मी. काम बघेन, मग बोलेन." आणि आता मुलीचा फोन आला होता, की दोन मिनिटांचा रोल मिळालाय, रविवारी सिनेमा लागतोय.

"आई, खरं सांगायचं हं. तू म्हणालीस जमतंय, तर मी इथे राहीन. नाही म्हणालीस, तर गाशा गुंडाळून घरी येते. तुझ्याशिवाय कुणावर भरवसा नाही माझा."

रविवारी अर्धा कारखाना थिएटरात होता. जजबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि पाय हलवून हलवून पुढच्या खुर्चीला जेरीस आणलं होतं. अखेर पडद्यावर दुकान आलं, काउंटर आला आणि युनिफॉर्ममधली त्यांची पोर आली. बायकांनी शिट्ट्या मारल्या. जजबाई पुढे झुकल्या आणि त्यांना दिसलं, की युनिफॉर्मच्या कॉलरचं एक टोक लांब आहे. कुणी पास केलं हे? मग खिसा बघितला, तर तो खाली गेलेला. बाहीची टीप बघेपर्यंत दुकान गेलं आणि गॉगलवाला आला.

शेजारी काजबटणवाली डोळे पुसत होती.

सिनेमा सुटल्यावर सगळ्यांनी त्यांना घेरलं. "काय निकाल?" जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर मत असलेल्या बाईंकडे स्वतःच्या मुलीबद्दल सांगायला एक शब्द नव्हता. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, कसं झालं माझं काम?"

थाप मारता आली असती. पण पोरीनं सगळं त्यांच्या एका शब्दावर ठेवलं होतं. "अगं, तुझ्या कॉलरचं टोक लांब होतं," त्या म्हणाल्या. "मी तेच बघत बसले. तुला बघितलंच नाही गं."

 पलीकडून फोन बंद झाला.

जजबाई स्वतःवर अशा चिडल्या, की बोलता सोय नाही. तशाच वळल्या, खिडकीशी जाऊन पुढच्या खेळाची दोन तिकिटं काढली आणि काजबटणवालीला हाताला धरून पुन्हा आत नेलं. या वेळी त्यांनी कपड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पडद्यावर दुकान बंद व्हायच्या वेळी ती मुलगी आपल्या आईशी फोनवर बोलत होती. "हो गं, जेवले. पोटभर जेवले. भाजी इतकी छान झाली होती, दोनदा घेतली." बोलता बोलता ती ग्लासभर पाणी घटाघटा प्यायली, तिनं पुन्हा ग्लास भरला आणि तोही संपवला. बस, एवढंच.

 जजबाई रोज संध्याकाळी आपल्या पोरीला फोन करायच्या, पहिला प्रश्न जेवणाचा असायचा आणि उत्तर हेच यायचं. हाच सूर, भाजीचं हेच कौतुक, "दोनदा घेतली"सुद्धा हेच. आणि दर वेळी निर्धास्त होऊन त्या फोन ठेवायच्या.

त्या उठल्याच. "अहो, इंटरव्हल तरी होऊ द्या," म्हणत काजबटणवाली मागोमाग धावली. बाहेर येऊन त्यांनी फोन लावला.

"बघितलं. राहायचं तिथेच. असं काम मी आजवर कुणाचं बघितलं नाही, गॉगलवाल्याला सात जन्मांत जमायचं नाही. अगं, काय काम केलंयस तू!"

पलीकडे पोरगी रडत हसली. जजबाईंनी तिला थोडं हसू दिलं.

"आता सांग, आज जेवलीस का?"

"हो गं, जेवले, पोटभ..." उत्तर सवयीनं तोंडातून निघालं आणि अर्ध्यावरच थांबलं. 

"नाही, आई," मुलगी हळूच म्हणाली.

"मग तुझ्याकडे यायला कुठली बस लागते," जजबाई म्हणाल्या, "तेवढं सांग मला."