रुपया उभा राहीना

२२ फेब्रुवारी १९९१. गिरणीच्या दगडांना टाकी लावायचा, म्हणजे झिजलेल्या खाचा छिन्नीने पुन्हा पाडायचा दिवस होता. मी सकाळीच पट्टा उतरवला, वरचा दगड उलटा करून ठेवला, आणि ज्यांनी छिन्नी-हातोडा घेऊन दगडासमोर बसायचं ते आमचे धाकटे दीर इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. म्हणाले, "वयनी, चला. जळगावले लेथ पाहाले जाऊ."

लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या त्या यंत्रावर, आमच्या दिरांइतकं प्रेम करणारा आणि तरीही तो विकत न घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल. वर्षभर आम्ही दोघं लेथ पाहत हिंडत होतो. धुळ्यातले पाहून झाले, भुसावळचे झाले, पहूरला एका ऊस-चरकवाल्याकडे पोत्याखाली झाकलेला एक होता, तोही उन्हातान्हात जाऊन पाहिला. सगळे नापास. आणि या परीक्षेत सहपरीक्षक मी होते, कारण माझी पिठाची गिरणी आहे आणि यंत्रातलं आपल्याला कळतं असा माझा फार जुना समज आहे.

भाऊजींचा धंदा बंदुका दुरुस्त करण्याचा. मामंजींच्या मागे परवाना रीतसर त्यांच्या नावावर झाला. तो काचेत घालून देवांच्या फोटोशेजारी लावलेला आहे आणि त्यालाही रोज उदबत्ती ओवाळली जाते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. पिंपळनेरकडचे शेतकरी रानडुकरं हाकलायच्या ठासणीच्या बंदुका परवान्यासकट घेऊन येतात, आणि भाऊजी ती बंदूक मांडीवर आडवी घेऊन वैद्यासारखे विचारतात, "कधीपासून खोकस?" शेतकरीही बिचारा गंभीरपणे सांगतो, "दसराफाईन." गंमत अशी, की या माणसाने आयुष्यात एकदाही बंदूक उडवलेली नाही. आवाजाची भीती वाटते. दिवाळीत कानात कापूस घालून माजघरात बसतात आणि लक्ष्मीपूजनाचा प्रसाद आम्हाला तिथे नेऊन द्यावा लागतो.

बाकी आवाजांवर मात्र त्यांचा भारी जीव. खिशात एक लांब पेचकस कायम असतो. त्याचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते आतलं ऐकतात. शेजारच्या शिंप्याचं मशीन, एस.टी.चं इंजिन, माझा कुकर, काही सुटलेलं नाही. माझ्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा भाऊजी मांडवामागे जनरेटरला पेचकस लावून बसले होते. मंगलाष्टकं संपताच येऊन त्यांनी नव्या नवरीला पहिलं वाक्य ऐकवलं, "वयनी, बेअरिंग चालनं." मी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "तुला नाही, जनरेटरला म्हणतोय. बेअरिंग जायला आलंय त्याचं."

आजवर दुकानातला एकेक स्क्रू, एकेक पिन भाऊजींनी कानशीने घासून केली. हल्ली मात्र काम तुंबायला लागलं होतं. भिंतीला टेकलेल्या बंदुकांची रांग वाढत चालली होती. लेथ मिळाला तर दुकान चालेल, नाहीतर गुढीपाडव्यानंतर परवाना परत करून टाकीन, असं ते मला एकदा म्हणाले. मी कारण विचारलं नाही. काम वाढलं की मशीन घ्यावं, त्यात विचारायचं काय? मी पडले व्यवहारी बाई.

लेथची परीक्षा ठरलेली होती. मोटर चालू करायची, आणि लेथच्या सपाट पाठीवर जुना जाड रुपया कडेवर उभा करायचा. रुपया उभा राहिला तर यंत्र स्थिर, पडला तर यंत्र थरथरतं. मामंजींपासून चालत आलेली रीत. भाऊजी रुपया ठेवायचे, रुपया पडायचा. पुन्हा ठेवायचे, पुन्हा पडायचा. मग ते मान हलवून म्हणायचे, "वयनी, याले हिवताप येल शे. चला घर." आणि निघता निघता मालकाला चार शब्द सुनावायचं काम माझ्याकडे. ते मी मन लावून केलं. पहूरच्या माणसाला मी म्हटलं होतं, "यावर लेथकाम नको, ताक घुसळा."

तर त्या दिवशी जळगावला पोचलो आणि पाहते तो काय, लेथ तोच! वर्षापूर्वी अगदी पहिल्यांदा पाहिलेला. पंपांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांचा. ते कारखाना बंद करून मुलाकडे राहायला निघाले होते. त्यांना मी तेव्हा काय काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवलं. दुर्दैवाने त्यांनाही आठवलं.

"आओ बहनजी," चाचा हसून म्हणाले, "फिरसे झगडने आये क्या? पहले चाय पी लो, फिर झगडो."

चहा झाला. मोटर चालू झाली. भाऊजींनी रुपया ठेवला. पडला. चष्मा पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तर घरंगळत थेट लोखंडाच्या किसात गेला. चाचा तोंड फिरवून किटली उगाच पुसत बसले. ते खजील झाले असं मला वाटलं, आणि मला चेव आला.

"मशीन बघताय ना चाचा? नाणं धरत नाही!" किसातून रुपया उचलत मी म्हटलं, "थांबा, तुमच्या डोळ्यांसमोर ठेवून दाखवते कसा पडतो तो."

आणि मी ठेवला. रुपया उभा राहिला.

मोटर घुमत होती आणि रुपया आपला ताठ. मी जरा पुढे सरकवून पाहिला. तरी उभा. तोंड उघडं टाकून मी भाऊजींकडे वळले. त्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला होता, आणि खिशातल्या किल्ल्या वाजत होत्या. बारीक, सारख्या.

वर्षभर मी साऱ्या खानदेशातल्या लेथवाल्यांशी भांडले, आणि थरथर माझ्या शेजारी बसून एस.टी.ने ये-जा करत होती. भाऊजी चहा बशीत ओतेनासे झाले, तेव्हा मी म्हटलं, सुधारले. दिवाळीपासून गिरणीचं पीठ जाडसर पडायला लागलं, तेव्हा मी गिऱ्हाइकांना ठासून सांगितलं, यंदाची दादर ज्वारीच अशी आहे. भाऊजींच्या हातून दगडाच्या टाक्या वेड्यावाकड्या पडल्यात हे मला दिसलं नाही. यंत्रातलं कळतं ना मला!

चाचांनी केव्हाच ओळखलं असणार. मी घसा साफ केला. "चाचा, तुमची फरशीच वाकडी आहे. रुपया मध्येच पडतो, मध्येच उभा राहतो."

चाचांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हां बहनजी. पाये के नीचे पट्टी डाल दूँगा."

 भाऊजी पेचकस काढून, डाव्या हाताने, कितीतरी वेळ लेथचं ऐकत राहिले. मग म्हणाले, "हाऊ चांगला शे."

सौदा ठरवून परतताना एस.टी.त ते खिडकीबाहेर बघत होते. पारोळा मागे पडल्यावर म्हणाले, "वयनी, लेथवर हत्यार घट्ट बांधेल ऱ्हास. हातले नुसतं चाक फिरावनं पडस."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. मला काहीही माहीत नव्हतं.

"आनि दगड?"

"दगडाचं उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला आणि छिन्नी-हातोडा स्वतः घेऊन दगडासमोर बसले. भाऊजी शेजारी स्टुलावर, पेचकसाचं टोक दगडाला, मूठ कानाला. "हळू, वयनी... आते जरा उजवीकडे... तो दगड शे, लेथवाला नई." दुपारपर्यंत दोन्ही दगड झाले. पट्टा चढवला, गिरणी सुरू केली. पहिला डबा गल्लीतल्या अक्कांचा होता. त्यांनी पीठ चिमटीत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "जाडं पडनं ना बाई."

मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, "अक्का, यंदाची दादरच तशी आहे."