साहेबांचा चेंडू उजवीकडे जायचा

कुरकुंभच्या औषधांच्या कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. त्या खात्यात बाई मी एकटीच. दौंडहून सकाळच्या बसनं यायचं, बायकांच्या खोलीत गणवेश चढवायचा आणि प्लांटवरची मीटरं तपासत फिरायचं. पॅकिंगच्या बायकाही त्याच खोलीत कपडे बदलायच्या, डबा खायच्या.

दोन हजार साल उलटून चारपाच वर्षं झाली असतील. नवे मॅनेजर आले आणि आमची खोली गेली. तिथं गोल्फचं मशीन बसलं. समोर भिंतभर जाड पडदा, त्यावर परदेशातलं हिरवंगार मैदान दिसायचं. पायाखालच्या चटईत सेन्सर. काठीनं मारलेला चेंडू पडद्यावर आपटून खाली पडायचा, पण चित्रातला पुढं उडत राहायचा. किती लांब गेला, कुठं वळला, सगळं लिहून यायचं. दोघांचा सामनाही लावता यायचा. बाहेर उसाची शेतं, आत हा तमाशा.

आम्हाला सायकल स्टँडमागं पत्र्याचा आडोसा मिळाला. सेन्सर जोडायचं काम माझ्याकडं आलं आणि मी ते केलं. पॅकिंगमधली सगळ्यात जुनी बाई मला म्हणाली, "आमची खोली तूच दिलीस त्येंला. आता आमच्यात बसू नगंस."

"मावशी, मला ऑर्डर होती."

"व्हय. आन् तू लगीच उठलीस."

त्या दिवसापासून मी एकटी जेवू लागले. तिचा राग आला. साहेबांचा त्याहून जास्त.

साहेबांचा चेंडू दर वेळी उजवीकडे जाऊन तळ्यात पडायचा. एका शुक्रवारी मला बोलावून ते म्हणाले, "तुमचा सेन्सर चुकतोय."

मी चटईवर दोरी ताणली, चेंडू सरळ रेषेत ढकलून पाहिला. दहाही वेळा पडद्यावर सरळच गेला.

"सेन्सर बरोबर आहे, साहेब."

"म्हणजे मी चुकतोय?"

मी दोरी गुंडाळू लागले.

"रविवारी पुण्याचे पाहुणे खेळायला येणार आहेत. तोवर चेंडू सरळ जायला हवा. कसा, ते तुम्ही बघा."

प्लांटवर तापमान अर्ध्या अंशानं चुकलं तर हाच माणूस आम्हाला सगळ्यांदेखत झापायचा. तरीही मी सेटिंगमध्ये जाऊन दिशा चार अंश डावीकडे सरकवली. नोकरी जाईल म्हणून भ्याले, दुसरं कारण नव्हतं. संताप मात्र होताच.

रविवारी मला मशीनपाशी उभं केलं होतं. साहेबांचे फटके सरळ जाऊ लागले. पाहुणा पिकल्या केसांचा, शांत माणूस होता. त्याचे दोन चेंडू डावीकडे झाडीत गेले. तिसऱ्या वेळी त्यानं पडद्यावर चेंडू आपटला ती जागा पाहिली, मग चित्र पाहिलं, आणि हसत म्हणाला, "हे मशीन कुणीतरी वाकडं केलंय."

साहेबांनी क्षणही न घालवता माझ्याकडं बोट केलं. "हिनं काहीतरी करून ठेवलंय. या लोकांच्या हातात चांगली वस्तू देऊन उपयोग नसतो."

'या लोकांच्या' म्हणजे कुणाच्या, हे मी विचारलं नाही. दौंडच्या वेशीबाहेरच्या आमच्या वस्तीपासून त्या खोलीपर्यंत ते मला कळतच आलं होतं.

"साहेब, शुक्रवारी तुम्हीच सांगितलंत," मी म्हणाले. "चार अंश सरकवलंय. नोंदवहीत तुमचा निरोप लिहिलाय, माझी सही आहे. आणू का?"

पाहुण्यानं हातमोजा काढला आणि चहा मागितला.

सोमवारी माझी बदली सांडपाणी प्रक्रियेच्या टाक्यांवर झाली. तिथला वास केसांतून जायचा नाही. ही गोष्ट पॅकिंगमध्ये पोचायला दोन दिवस लागले. बुधवारी ती जुनी बाई नाकाला पदर लावून टाक्यांपर्यंत चालत आली.

"बोललीस म्हंजी त्येच्या तोंडावर?"

"बोलले."

"मग आदीच का न्हाई बोललीस?"

मी टाकीवरचं मीटर पुसू लागले. ती तशीच परत गेली. त्या साहेबांना मी आजही माफ केलेलं नाही. आणि चटईखाली पहिली वायर घालणाऱ्या स्वतःलाही.