राजाचं माप

आर्वीच्या डेपोसमोरचा टेलर आमच्या पँटी मशीनवर हाणतो, पण गावच्या दरवर्षीच्या नाटकातल्या राजाचा जरीचा अंगरखा मात्र हातानेच शिवतो, गुणगुणत. राजा कोणीही होवो, अंगरखा टेलरच्याच मापाचा निघतो. गेल्या वर्षी काडीसारखे गुरुजी त्यात पार हरवले. हा म्हणाला, "राजा अशाच मापाचा पायजे."

परवा भर दुपारी पँट आणायला गेलो. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरलो, तर हा नवा अंगरखा घालून आरशासमोर उभा. बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान तसंच.

"टाके पाहून राह्यलो," तो दचकून म्हणाला.

"माझी पँट?"

त्याने छाती काढली. "उद्या येजो."

रोजच्या या उत्तरावर मी गेले पंधरा दिवस भांडतोय. त्या दिवशी मात्र मुजरा केला आणि पाठ न दाखवता शटरखालून बाहेर पडलो.