गप्प बसणं म्हणजे हो नव्हे

परदेशातल्या आमच्या बॉथेल गावच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी "कुणाची हरकत नाही ना? मग ठरलं," असं म्हटलं की मागच्या रांगेतून नलूकाकूंचा हात वर जायचा. "अहो, गप्प तर भूल दिलेला पेशंटही असतो. एकेकाला विचारा!" मग समोसे आणायचे की वडे, यावर प्रत्येकाला तोंड उघडावं लागे. कॉफी गार होई आणि आम्ही कपाळावर हात मारून घेत असू.

काकू भूलतज्ज्ञ. तरुणपणी नागपूरहून आल्या आणि त्यांची सगळी हयात इथल्याच हॉस्पिटलात गेली. पेशंटनं नुसती मान डोलावलेली त्यांना चालत नसे. आपल्याला काय होणार आहे हे त्यानं स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय त्या सुईला हात लावत नसत. सर्जन घड्याळाकडे बघत उभे राहायचे, राहोत बापडे!

त्याच हॉस्पिटलात दुभाषी असलेली हुआना ही त्यांची जिवलग मैत्रीण. ती ग्वाटेमालाच्या डोंगरातली, तिथल्या मूळच्या माया समाजातली. यादवी युद्धात तिचं गाव जळालं, माणसं परागंदा झाली. युद्ध संपल्यावर परतून त्यांनी पुन्हा घरं उभारली. आता गावामागच्या टेकडीवर एका कंपनीला खाण हवी होती. गावाचा झरा त्याच टेकडीवर, आणि पूर्वजांना पुजायची जागाही तिथेच. कंपनीनं गावजेवण घातलं, स्पॅनिशमध्ये भाषण ठोकलं. कुणी काही बोललं नाही, तेव्हा कंपनीनं सरकारला कळवून टाकलं की गावाची संमती आहे.

"जेवू घालणाऱ्याला आमच्या गावात तोंडावर नाही म्हणत नाहीत," हुआना आम्हाला म्हणाली. "शिवाय युद्धात जे बोलले, ते घरी परत आले नाहीत."

काकू उसळल्याच. "ही कसली कन्सेंट? मी असं केलं असतं ना, तर माझं लायसन्स कॅन्सल झालं असतं!" गावाच्या वकिलांनी झगडून फेरसुनावणी मिळवली आणि ती नीट होते की नाही हे बघायला बाहेरची माणसं बोलावली. दुखरे गुडघे घेऊन काकू हुआनाबरोबर निघाल्या. एअरपोर्टवर सोडताना मी म्हटलं, "काकू, या वयात कशाला?"

"वयाचं काय गं? विमान मला थोडंच चालवायचंय!"

पहिल्याच दिवशी त्यांची फजिती झाली. घरच्या बाईंनी ताट पुढे केलं. आपल्या रीतीप्रमाणे काकू "नको, नको" म्हणाल्या आणि आग्रहाची वाट बघत बसल्या. ताट निमूटपणे परत गेलं.

"अगं, उपाशी झोपले!" फोनवर त्या हसून हसून बेजार. "इथे नाही म्हणणं जड जातं, म्हणून कुणी म्हटलंच तर ते खरं धरतात. आणि आपण? पानावर हात आडवा धरला तरी वरून पोळी पडतेच!"

सुनावणीत अधिकाऱ्यांनी गावाच्या भाषेत विचारलं, खाण हवी का? सभा गप्प. गेली टेकडी, असं काकूंना वाटलं. तेवढ्यात युद्धात नवरा गमावलेल्या एक आजी काठी टेकत उठल्या. नवरा गेल्यापासून त्या कुठल्याही सभेत बोलल्या नव्हत्या. "नाही," त्या म्हणाल्या, आणि मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाल्या. मग एकेक जण उठत गेला. खाणीला परवानगी मिळाली नाही. हे सांगताना काकू दर वेळी रडायच्या आणि रडू आल्याबद्दल स्वतःवरच चिडायच्या. "ते टिश्यू कुठे ठेवलेत मेले!" त्या वेळी मला त्या फार, फार आवडायच्या.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. हुआनानं गावाला कळवलं, आणि काही दिवसांनी तिचा मला फोन आला. टेकडीवर पूजेच्या वेळी पूर्वजांची नावं घेतात. त्यांत नलूकाकूंचं नाव घ्यायचं का, असं गावानं सभेत एकेकाला विचारलं होतं. सगळ्यांत आधी हो म्हणाल्या त्या आजी.