चारात तीन हात

"चारात तीन हात वर आले पाहिजेत, शेट. नाहीतर फोटो नाही," असं म्हणत काका तीन बोटं माझ्या नाकासमोर धरायचे. असा एखादा नियमवाला माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

दुबईत अल कुसैसमधल्या माझ्या खाणावळीत ते रोज जेवायला येत. मूळचे गुहागरकडचे. इथे एका अमेरिकन साहेबाचे ड्रायव्हर आणि शुक्रवारी सुटीला आमच्या टेनिस बॉल क्रिकेटचे विकेटकीपर. स्लिपमध्ये मी. साहेबाचा बेसबॉल त्यांना कधीच कळला नाही, पण खोर फक्कानच्या वाटेवर साहेबाने सांगितलेली एक गोष्ट त्यांनी मनावर घेतली. तिकडे मोठ्या खेळाडूंचं एक दालन असतं. खेळ सोडून पाच वर्षं झाली की त्यांचा खेळ पाहिलेले पत्रकार मतं देतात. चारातल्या तिघांनी हो म्हटलं तरच आत जागा.

झालं. माझ्या खाणावळीची भिंत त्यांनी आमच्या खेळाडूंच्या फोटोंसाठी ताब्यात घेतली. नियम तोच: गावी परतून पाच वर्षं झालेला खेळाडू आणि मत फक्त त्याच्यासोबत खेळलेल्यांचं.

एकदा त्यांच्या जुन्या रूममेटचं नाव आलं. काका हात मांडीवर ठेवून बसले आणि तो बिचारा एका मताने हुकला.

"अहो, तुमचा दोस्त ना तो?"

"माणूस सोन्यासारखा. बोलिंग साधीच."

त्या दिवशी सुरमई न खाताच उठले.

"काका, हे अमेरिकेत ठीक," मी म्हणायचो. "इथे खेळणारा जातो आणि बघणाराही जातो. पाच वर्षांनी मत द्यायला उरणार कोण?"

"हबीबी, तेच तर बघायचंय. गेल्यावर माणूस कुणाला आठवतो का."

मग साहेबाची बदली झाली आणि यांचा व्हिसा कॅन्सल झाला. निरोपाच्या जेवणाला पोरांनी त्यांचा ग्लोव्हज घातलेला फोटो फ्रेम करून आणला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि माझ्या हातात दिला. "पाच वर्षं थांबा. मग इन्शाल्ला." त्यांना त्या भिंतीवर जायचं होतं हो, अगदी मनापासून. मला वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात पाच वर्षं भरली. सोबत खेळलेल्यांपैकी कुणी कतारला गेला, कुणी घरी. उरलो मी. मी फोन लावला.

"काका, निवडून आलात."

त्यांनी विचारलं, "हात किती?"

त्यांच्याशी खोटं बोलवेना. "एक. माझा."

"एकट्याचं ते मत नसतं, शेट. ती माया असते. फोटो लावू नका."

"बरं," मी म्हणालो. फोटो सकाळीच लावून झाला होता.